पाळीचा कप : धुणं, उकळणं, ठेवणं

आषाढ लागला की आहुपे, तळेघर, भीमाशंकरच्या पट्ट्यात कापड वाळत नाही. धुतलेलं लुगडं दोन-तीन दिवस वळचणीखाली लोंबतं, मग चुलीवरच्या दांडीवर जातं आणि धुराचा वास घेऊन कसंबसं सुकतं. पाळीच्या कापडी घड्यांची गत त्याहून वाईट. त्या चारचौघांच्या नजरेला पडू द्यायच्या नाहीत असा घरोघरचा शिरस्ता. म्हणून परकराखाली, दाराआड, गोठ्याच्या कोपऱ्यात, जिथे वारा नाही आणि ऊन तर नाहीच, अशा जागी त्या टाकल्या जातात. अर्धवट ओली घडी पुन्हा वापरात येते. मांड्या सोलवटतात, खाज सुटते, अंगावर पांढरं जायला लागतं. आणि भाताच्या आवणीचे दिवस असले तर त्याच अवस्थेत दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची असतात.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत पाळीच्या कपाचा विचार करायचा तो इथून. शहरात कपाची शिफारस करताना कचऱ्याचं आणि पैशांचं बोलतात. ते खरंच आहे, पण डोंगरपट्ट्यातल्या बाईला त्याचा पहिला उपयोग निराळा आहे : तो वाळवायला ऊन लागत नाही. सिलिकॉन पाणी शोषत नाही. धुऊन स्वच्छ फडक्याने टिपला की कप कोरडा. पावसाळाभर सूर्याची वाट पाहणाऱ्या गावात ही गोष्ट लहान नाही. मात्र घडीसाठी जे काम उन्हाने करायचं, ते कपासाठी उकळत्या पाण्याने करावं लागतं आणि ते टाळून चालत नाही. म्हणून कप घ्यावा की नाही यापेक्षा, घेतल्यावर तो सांभाळायचा कसा, हे इथे सविस्तर सांगते.

आधी वस्तू नीट पाहू, कारण मळ कुठे बसतो हे तिच्या घडणीवरून कळतं. कप म्हणजे वैद्यकीय वापराच्या सिलिकॉनची मऊ, खोलगट वाटी. उंची चार ते साडेपाच सेंटिमीटर. वरची कडा जरा जाड, तिच्या खाली दोन ते चार बारीक भोकं, तळाशी बोटांना पकड मिळावी म्हणून आडव्या रेघा आणि शेवटी एक छोटी दांडी. घडी घालून योनीत बसवला की तो आत उघडतो, कडा चहूबाजूंनी टेकते आणि रक्त त्यात साठतं. बहुतेक कपांत १५ ते ३० मिलिलिटर मावतं. एका पाळीत एकूण रक्तस्राव साधारण ३० ते ८० मिलिलिटर होतो, म्हणजे सगळ्या दिवसांचा मिळून चहाच्या कपापेक्षाही कमी. हा आकडा ऐकून अनेकींना नवल वाटतं, कारण कापडावर पसरलेलं रक्त नेहमी जास्त दिसतं.

कडेखालची भोकं, तळाच्या रेघा आणि दांडीचं टोक, या तीन जागा लक्षात ठेवा. गुळगुळीत भाग पाण्याच्या एका धारेने साफ होतो. वास आणि डाग धरतात ते हे कोपरे. आतल्या बाजूला कंपनीचं नाव किंवा मापाच्या रेषा उठावात असतील, तर त्या अक्षरांच्या कडांशीही मळ राहतो. नवा कप घेताना म्हणूनच मी आतून गुळगुळीत असलेला घ्यायला सांगते. अक्षरं कमी, तेवढं घासणं कमी.

कप ही तशी नवी वस्तू नाही. अमेरिकेत लिओना चामर्स या अभिनेत्रीने १९३७ मध्ये अशा कपाचं पेटंट घेतलं. तो रबराचा होता. दुसऱ्या महायुद्धात रबराचा तुटवडा पडला आणि त्या कपाचा धंदा बसला. आज मिळणारे बहुतेक कप सिलिकॉनचे असतात आणि स्वच्छतेच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. रबर वयाबरोबर चिकट होतं, तडकतं, काहींच्या अंगाला सोसत नाही. सिलिकॉन उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता सहन करतं आणि उकळून उकळून खराब होत नाही. त्याचं नुकसान होतं ते ओरखड्यांनी, तीव्र रसायनांनी आणि कोरड्या तापलेल्या भांड्याला चिकटून.

कपाच्या स्वच्छतेची सुरुवात कपापासून होत नाही. ती हातांपासून होते. या दोन तालुक्यांत बायकांचे हात दिवसभर काय काय हाताळतात ते पाहा. नारायणगावच्या बाजूला टोमॅटोची तोडणी, द्राक्षाच्या घडांची विरळणी, छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना लावायची पेस्ट, औषध फवारलेली पानं. ओतूर-आळेफाट्याकडे कांदा. घरी आल्यावर मिरचीचा ठेचा, लसूण, चुलीची राख. अनेकींना मिश्रीची सवय असते आणि मिश्रीचं बोट नुसत्या पाण्याने स्वच्छ होत नाही. यातलं काहीही नाजूक त्वचेला लागलं की आग होते, आणि दोष मात्र कपाला दिला जातो.

हात साबणाने धुवायचे, नखांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत फेस घालून, वीसपर्यंत आकडे म्हणता येतील इतका वेळ. मिरची कुटली असेल तर आधी तळहातावर थोडं गोडेतेल चोळायचं आणि मग साबण लावायचा, कारण मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. शेतात औषध हाताळलं असेल तर अंघोळ झाल्याशिवाय कपाला हात लावायचाच नाही. नखं कापलेली असावीत. लांब नखाने कपाला चीर जाऊ शकते आणि स्वतःला ओरखडाही येतो. हात दोनदा धुवायचे, कप काढण्याआधी आणि सगळं आवरल्यावर. यातलं पहिलं धुणं हमखास विसरलं जातं, आणि जास्त महत्त्वाचं तेच.

काढताना दांडी धरून ओढायचं नाही. दांडी फक्त वाट दाखवायला. दोन बोटांनी कपाचा तळ चिमटीत दाबायचा, आत हवा शिरून पकड सुटते, मग हळूहळू सरळ खाली आणायचा. रक्त संडासात ओतायचं. संडास नसेल, शेतावर असाल, तर खुरप्याने वीतभर खड्डा करून त्यात ओतायचं आणि माती लोटायची. विहीर, ओढा किंवा कॅनॉलच्या काठावर नाही.

रिकामा कप आधी गार पाण्याने धुवायचा. रक्तात प्रथिनं असतात. गरम पाणी लागलं की ती गोठतात आणि डाग पक्का होतो. लुगड्यावरचा रक्ताचा डाग गार पाण्याने काढायचा हे आपल्या आज्यांना ठाऊकच होतं, नियम तोच. गार पाण्याची एक फेरी झाली की कोमट पाणी आणि थोडासा सौम्य, बिनवासाचा साबण. बाळाला लावायचा साबण असेल तर बोटावर जरासा पुरे. आतून, बाहेरून, कडेच्या खाली बोट फिरवायचं.

मग भोकं. कप पाण्याने काठोकाठ भरायचा, तोंडावर तळहात घट्ट दाबायचा, उलटा करायचा आणि बाजूने पिळायचा. भोकांतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडाल्या की भोकं मोकळी. एखाद्यातून पाणी येत नसेल तर तो भाग दोन अंगठ्यांनी ताणून पाण्याखाली धरायचा. तरी नाही निघालं तर दातांचा नवा, मऊ ब्रश फिरवायचा. तो ब्रश मग कपासाठीच. टाचणी, सुई, काडेपेटीची काडी घालायची नाही. भोक फाटलं की कप गेला. आणि भोक बुजलेलं राहिलं तर आत हवा जायला वाट राहत नाही, कप काढताना खेचल्यासारखं दुखतं. दुखण्याचं कारण बसवण्यात आहे असं समजून बायका घाबरतात. कित्येकदा ते फक्त बुजलेलं भोक असतं.

साबण पूर्ण निघेपर्यंत विसळायचं. साबणाचा राहिलेला पापुद्रा आत गेला की आतली नैसर्गिक आम्लता बिघडते. निरोगी योनीतले जिवाणू ती आम्लता राखतात आणि तीच बाहेरच्या जंतूंना रोखते. या कारणासाठीच डेटॉल, सॅव्हलॉन, ब्लीच, फिनेल, भांड्यांची पावडर, हळद, कडुलिंबाचं पाणी, यातलं काहीही कपाला लावू नका. जंतुनाशकाचा वास म्हणजे स्वच्छता, ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे आणि इथे ती त्रास देते. राखेने किंवा काथ्याने घासणं त्याहून वाईट. पितळेचं भांडं राखेने लखलखतं, पण सिलिकॉनवर राखेचे कण डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पाडतात आणि जंतूंना नेमकी तशीच जागा हवी असते. बसवताना बुळबुळीतपणा हवा असेल तर स्वच्छ पाणी पुरतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन नको.

या सगळ्याला पाणी किती लागतं? हात आणि कप मिळून एक मोठा तांब्या. कापडाच्या घड्या स्वच्छ करायला लागणाऱ्या बादल्यांच्या तुलनेत हे काहीच नाही. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि डिंभे, याच दोन तालुक्यांत आहेत. आणि तरीही वैशाखात डोंगरातल्या वाड्यांवर बायका डोक्यावर हंडे घेऊन उतारावर उतरताना दिसतात. धरण उशाला आणि कोरड घशाला. जिथे पिण्याचं पाणी मोजून वापरायचं, तिथे पाळीसाठी दोन बादल्या मागायची हिंमत कुठली सून करेल? एक तांब्या मात्र कुणाला कळतही नाही. फक्त ते पाणी पिण्यायोग्य असावं. बाहेर असताना स्वच्छ पाणी मिळालं नाही, तर कप रिकामा करून स्वच्छ कापसाने किंवा कोऱ्या टिश्यूने पुसून परत बसवला तरी चालतो. पुढच्या वेळी नीट धुवायचा. डबक्याच्या पाण्याने धुण्यापेक्षा न धुतलेला बरा.

दिवसातून किती वेळा? अंगावरून जास्त जात असेल तर दर चार-सहा तासांनी, एरवी आठ तासांनी. बारा तासांच्या पुढे कधीही नाही, एक थेंब साठला असला तरी नाही. सकाळी कामाला निघण्याआधी आणि संध्याकाळी अंघोळीच्या वेळी, असा नेम लावला तर कमी स्रावाच्या दिवशी मधल्या वेळात शेतावर कपाला हात लावायची वेळ येत नाही. रात्रीचंही तसंच. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर हे इथलं रोजचं वास्तव आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं ते उगाच नाही. ज्या वस्तीवर संडास घरापासून लांब आहे किंवा नाहीच, तिथे अपरात्री घडी बदलायला बाहेर पडणं जिवाशी खेळ ठरू शकतं. झोपण्याआधी रिकामा करून बसवलेला कप उजाडेपर्यंत निभावतो.

आता उकळणं. रोजच्या धुण्याने मळ जातो, सगळे जंतू जात नाहीत. फ्रान्समधल्या लिऑं इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रयोगशाळेत तपासलं, तेव्हा कपावर वाढवलेल्या एका जिवाणूचा थर पाण्याने तीनदा धुऊनही पुरता निघाला नाही. असा थर मोडायला उष्णता लागते. दर पाळीला उकळी हवी : एकदा पाळी संपल्यावर, ठेवून देण्याआधी, आणि पुन्हा पुढच्या पाळीत बसवण्याआधी. नवा कोरा कपही उकळल्याशिवाय वापरायचा नाही.

एक लहान स्टीलचं पातेलं यासाठी वेगळं काढा. त्यात अर्धा-पाऊण लिटर पाणी घ्या, कप पूर्ण बुडून वर बोटभर पाणी राहील इतकं. पातेल्याच्या तळाशी सुती कापडाची स्वच्छ घडी टाका किंवा कप जुन्या चहाच्या गाळणीत ठेवून गाळणी पाण्यात सोडा. हे का, ते एकदा पाहिलं की पटतं. कप पाण्यात टाकला की आधी आत हवा धरून तरंगतो. चमच्याने तिरपा केला की बुडबुडा सुटतो आणि तो तळाला जाऊन पालथा बसतो. उकळी आली की त्याच्या पोटात वाफ कोंडते, तो टुणकन उडतो, परत बसतो, परत उडतो. त्यातून काही बिघडत नाही, पण तळाचा पत्रा पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि चुलीवर जाळ कमी-जास्त होतो. पाणी आटून कप कोरड्या तळाला टेकला तर सिलिकॉन करपतं. कापडाची घडी किंवा गाळणी त्याला तळापासून वर ठेवते.

वेळ मोजायची ती खळखळून उकळी आल्यापासून, पातेलं चुलीवर ठेवल्यापासून नाही. पाच मिनिटं. मोबाइलवर गजर लावा आणि तिथून उठू नका. भीमाशंकरसारख्या हजार मीटरच्या आसपास उंचीच्या गावात पाणी शंभर अंशांना न पोचता सत्त्याण्णवच्या जवळपास उकळतं. तेवढ्याने काम भागतं. मनाच्या समाधानासाठी दोन मिनिटं जास्त द्या. पंधरा-वीस मिनिटं उकळून जास्तीचं काही मिळत नाही, फक्त सरपण जातं. मग पातेलं उतरवा, झाकण ठेवून निवू द्या, धुतलेल्या हातांनी कप काढा, पाणी झटका. उकळल्यावर परत माठातल्या किंवा हंड्यातल्या पाण्याने विसळू नका. केलेलं काम वाया जातं.

खरी अडचण पाच मिनिटांची नाही. अडचण अशी की पातेलं ठेवायचं कुणाच्या चुलीवर. ज्या घरात पाळीच्या दिवसांत बाई स्वयंपाकघरात जात नाही, तिथे पाळीची वस्तू चुलीवर चढवायची म्हटल्यावर सासूबाई काय म्हणतील या धास्तीने उकळणंच टळतं. महिन्यामागून महिने कप नुसता धुऊन, ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, ट्रंकेत साड्यांच्या तळाशी जातो. लपवलेला कप स्वच्छ राहत नाही. मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचं काही वाटत असेल तर ते हेच आहे. घडी ज्या लाजेपायी ओली राहत होती, त्याच लाजेपायी कपही ओला राहणार असेल, तर बायकांच्या हाती काय लागलं?

यावर वाट आहे आणि ती घरातच आहे. बहुतेक घरांत अंघोळीचं पाणी तापवायची चूल अंगणात किंवा न्हाणीजवळ वेगळी असते. डोक्यावरून पाणी घ्यायच्या दिवशी ती पेटलेली असतेच. हंडा उतरवला की त्याच निखाऱ्यांवर दोन काटक्या सारून आपलं पातेलं ठेवावं. स्वयंपाकाच्या चुलीचा प्रश्न उरत नाही, सरपण वेगळं लागत नाही आणि पाळी संपल्यावरची उकळी नेमक्या दिवशी होते. पण मी याहून पुढचं सांगेन : सासूबाईंना, आईला, जावेला कप एकदा हातात घेऊन बघू द्या, कोरा असतानाच. वस्तू पाहिली की भीती निम्मी होते. त्यांनी स्वतः कितीतरी वर्षं ओल्या घड्यांचा त्रास काढलेला असतो. त्यांना समजावायला फार शब्द लागत नाहीत. नवऱ्यालाही माहीत असावं की ते छोटं पातेलं कशाचं आहे, म्हणजे तो त्यात चहा ठेवणार नाही.

केरळात कपाबद्दल असं उघडपणे दाखवणं-सांगणं स्थानिक पातळीवर झालं. २०१९ मध्ये अलप्पुळा नगरपालिकेने एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीबरोबर ‘थिंकळ’ नावाने पाच हजार कप मोफत वाटले आणि वाटपाबरोबर वापराचं शिक्षणही दिलं. जानेवारी २०२२ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबलंगी हे सॅनिटरी नॅपकिनमुक्त गाव म्हणून जाहीर झालं. आपल्याकडे २०१८ मध्ये अस्मिता योजना आली, बचत गटांमार्फत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देणारी. पॅड त्यातून वाडीवस्तीवर पोचलं, मागोमाग कचऱ्याची गाडी पोचली नाही. वापरलेलं पॅड मग उकिरड्यावर, ओढ्यात नाहीतर जाळात. बचत गटाची महिन्याची बैठक, आशाताईंची गृहभेट, अंगणवाडीतला मातांचा मेळावा, या जागा जुन्नर-आंबेगावातही आहेत. तिथे एक कोरा कप, एक पातेलं आणि एक गाळणी ठेवून अर्धा तास दाखवलं, तर हा लेख वाचायची गरज राहणार नाही.

ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. गाळप हंगामात शिरोलीच्या विघ्नहर आणि पारगावच्या भीमाशंकर कारखान्याच्या परिसरात कोप्या पडतात. कोपीला दार नसतं, न्हाणी नसते, पाणी बाहेरून आणायचं असतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारी समितीने चौकशी केली, तेव्हा पाळीपायी खाडा पडला की कापली जाणारी मजुरी हा विषय सगळ्या महाराष्ट्रासमोर आला. कप हा त्या अन्यायावरचा उपाय नव्हे, आणि तसं कुणी सांगू नये. हात धुवायला पाणी आणि आडोसा मिळाल्याशिवाय तिथे कप देणं म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. आधी मोरी आणि पाण्याची टाकी, मग कप, हाच क्रम.

उकळून झालेला कप ठेवायचा कसा? त्याला हवा लागते. हवाबंद प्लॅस्टिकच्या डबीत किंवा पिशवीत आतली ओल कोंडते, वास धरतो, बुरशीही येते. कपाबरोबर मिळते ती सुती पिशवी चांगली. नसेल तर जुन्या, धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्याची छोटी पिशवी शिवा. पावसाळ्यात ती पिशवीसुद्धा दमट होते, म्हणून ती दर महिन्याला धुऊन उन्हाची तिरीप मिळेल त्या दिवशी किंवा इस्त्री फिरवून वाळवा. उंदरांचा उपद्रव असलेल्या घरात पिशवी खुंटीला टांगून भागत नाही, ते कुरतडतात. कुत्र्याच्या पिल्लालाही कप चघळायला आवडतो. तिथे पिशवी स्टीलच्या डब्यात ठेवा आणि डब्याच्या झाकणाला बारीक भोकं पाडा. हवा जाते, उंदीर जात नाही. चुलीवरच्या फडताळात ठेवू नका, धूर बसतो.

घरात दोघी-तिघींचे कप असतील तर प्रत्येकीच्या पिशवीला वेगळ्या रंगाचा धागा. मायलेकींनी किंवा बहिणींनी एक कप आलटून पालटून वापरायचा नाही, उकळून घेतला तरी नाही.

पूर्वेकडच्या बागायती भागात बोअरचं पाणी जड असतं. उकळताना त्यातले क्षार कपावर पांढऱ्या पापुद्र्यासारखे बसतात. तो मळ नाही, घाबरायचं कारण नाही, पण पृष्ठभाग खरखरीत होतो. उकळायच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं की क्षार सुटतात. नंतर गाळलेल्या पाण्यात साधी उकळी द्यायची. पावसाळ्यात धरून ठेवलेलं पागोळीचं पाणी, कौलं धुऊन निघाल्यानंतरचं, यासाठी उत्तम.

पिवळट रंग येणं नैसर्गिक आहे, त्याने कप निकामी होत नाही. खटकत असेल तर तास-दोन तास कोवळ्या उन्हात ठेवा. औषधाच्या दुकानात तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. त्यात तेवढंच पाणी मिसळून काही तास बुडवलं की डाग फिकट होतो, पण आधी तुमच्या कपाच्या कागदावर त्याला मनाई नाही ना ते वाचा, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन उकळा. वास येत असेल तर बहुधा कप जास्त तास आत राहिला आहे किंवा भोकं साफ झालेली नाहीत. उकळूनही वास जात नसेल आणि अंगावर जाणाऱ्या पांढऱ्याचा रंग बदलला असेल, तर दोष कपात शोधू नका, डॉक्टरांना दाखवा.

कप संडासात पडला तर तो सोडून द्यायचा. न्हाणीच्या फरशीवर पडला तर साबणाने धुऊन, पाच मिनिटं उकळून मगच बसवायचा. तोवर हाताशी एखादं पॅड असू द्यावं.

काही वेळा कप बाजूला ठेवणं हीच काळजी. जंतुसंसर्ग झाला असेल तर उपचार पूर्ण होईपर्यंत वापरू नका आणि नंतर पुन्हा उकळून घ्या. बाळंतपणानंतर सव्वा महिना झाला म्हणून लगेच नको. किमान सहा आठवडे जाऊ द्या आणि नर्सताईंना विचारून सुरुवात करा. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण पकड न सोडवता कप ओढला की तांबी जागची हलू शकते. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बायकांनी, आणि ओझी वाहणाऱ्या, लागोपाठ बाळंतपणं झालेल्या बायकांत तो कमी नसतो, तपासून घेतल्याशिवाय कप वापरू नये. फार क्वचित, पण ठाऊक असायलाच हवं असं : कप वापरात असताना अचानक जोराचा ताप, उलट्या, चक्कर आणि अंगावर लाल पुरळ असं एकत्र आलं, तर कप ताबडतोब काढून त्याच दिवशी मंचर, घोडेगाव, जुन्नर, नारायणगाव, जवळ असेल ते सरकारी रुग्णालय गाठा आणि कप वापरत होते हे स्पष्ट सांगा.

चांगला ठेवलेला कप कित्येक वर्षं टिकतो; वेगवेगळ्या कंपन्या दोन ते दहा वर्षं अशी मुदत सांगतात. मुदतीपेक्षा अवस्था पाहा. दर महिन्याला उकळण्याआधी कप उजेडात धरून उलटा करा, कडा बोटांनी ताणून बघा. चीर, फाटलेलं भोक, चिकटपणा, पीठ लागल्यासारखा थर, यातलं काही दिसलं तर नवा घ्या. बाजारात वेगवेगळ्या किमतींचे मिळतात. महागच चांगला असं नाही, पण वैद्यकीय सिलिकॉनचा उल्लेख आणि बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता पाकिटावर नसेल तर आठवडी बाजारातून स्वस्त मिळाला तरी उचलू नका. खरेदीचा महिना आणि साल पिशवीच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेनाने लिहून ठेवा. जुना कप चुलीत घालू नका. उकळून, कात्रीने दोन तुकडे करून सुक्या कचऱ्यात द्या.